मराठी व्हिडिओला कॅप्शन देताना

एडिटिंगची बहुतेक सॉफ्टवेअर इंग्रजी लिपी गृहीत धरून बनलेली असतात. त्यांच्या मूळ सेटिंगवर मराठी कॅप्शन टाकली की वेलांट्या भलतीकडे जातात, अनुस्वार कापले जातात आणि ओळी नको तिथे तुटतात. यातलं जवळपास सगळं टाळता येतं, फक्त काम योग्य क्रमाने करायला हवं.

कॅप्शन थेट एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप करत बसू नका. आधी एसआरटी फाइल तयार करा. ही साधी टेक्स्ट फाइल असते. प्रत्येक कॅप्शनला अनुक्रमांक, त्याखाली ००:००:१२,४०० --> ००:००:१५,१०० अशी वेळेची ओळ, त्याखाली मजकूर आणि शेवटी एक रिकामी ओळ. वेळेचे आकडे फाइलमध्ये मात्र इंग्रजीच हवेत. मराठी कीबोर्ड चालू ठेवून ते देवनागरीत टाइप झाले तर सॉफ्टवेअर फाइल वाचतच नाही. सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो, टिंब नाही.

फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतच, सेव्ह करा. जुन्या विंडोजवरच्या नोटपॅडमध्ये एन्कोडिंग आपोआप 'आन्सी' असायचं. त्यात सेव्ह झालेल्या देवनागरीची सरळ प्रश्नचिन्हं होतात आणि मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूरही चालत नाही. तो फक्त त्या फॉन्टमध्ये मराठी दिसतो, आतून ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग जोडाक्षरं व रफार एकदा डोळ्यांखालून घाला, कारण कन्व्हर्टर तिथेच चुकतात.

वेळा बसवायला 'सबटायटल एडिट' हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम. आवाजाची लहर समोर दिसते, त्यामुळे वाक्य कुठे सुरू होतं ते कानाबरोबर डोळ्यांनीही पकडता येतं. त्यातच 'व्हिस्पर' हे बोलणं ओळखणारं एआय मॉडेल वापरून आवाजाचा मजकूर करता येतो. भाषा स्वतः 'मराठी' निवडा, ओळखायचं काम त्याच्यावर सोडलं तर ते हिंदी समजून बसू शकतं. व्हिस्परच्या लहान-मोठ्या मॉडेलांपैकी मोठं घ्या. तरीही ण-न, ळ-ल आणि ऱ्हस्व-दीर्घ हाताने तपासावे लागतातच. संगीत किंवा शांतता असलेल्या जागी ते कोणी न बोललेलं वाक्यही घालतं, म्हणून तिथे जास्त लक्ष द्या.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत पाच-सहा शब्द. कॅप्शन किमान सव्वा सेकंद आणि जास्तीत जास्त सहा-सात सेकंद पडद्यावर राहावं. दोन कॅप्शनमध्ये दोन फ्रेमचं अंतर ठेवा, म्हणजे मजकूर बदलल्याचं डोळ्याला कळतं. सेकंदाला २५ फ्रेम असलेल्या व्हिडिओत हे अंतर ८० मिलिसेकंद होतं. सबटायटल एडिटमध्ये वाचनाचा वेग दाखवणाऱ्या लाल इशाऱ्यांना मात्र फार घाबरू नका. 'विद्यार्थ्यांनी' या शब्दात आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण मात्रा, हलन्त आणि अनुस्वार वेगळे मोजले की युनिकोडच्या हिशेबाने ती पंधरा होतात, म्हणून वेग आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. मोठ्याने वाचून बघा. वाचायच्या आत कॅप्शन जात असेल तरच छाटा.

ओळ कुठे तोडायची, यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. डॉक्टर सांगतायत, 'हे औषध रिकाम्या पोटी घ्यायचं नाही.' इथे एक कॅप्शन 'घ्यायचं'वर संपलं आणि 'नाही' पुढच्यात गेलं, तर दोन सेकंद पडद्यावर नेमका उलटा सल्ला राहतो. पूर्ण वाक्य एकाच कॅप्शनमध्ये घ्या, दोन ओळींत: वर 'हे औषध रिकाम्या पोटी', खाली 'घ्यायचं नाही'. 'घराच्या समोर', 'करून टाकलं' अशा जोड्या फोडू नका. 'पण', 'कारण', 'म्हणून' यांनी दुसरी ओळ सुरू झाली तर वाचन अडखळत नाही.

ऐकू न येणाऱ्यांसाठी चौकटी कंसात आवाजही लिहा: [दार वाजतं], [प्रेशर कुकरची शिट्टी]. बोलणारा पडद्यावर नसेल तर त्याचं नाव द्या. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात कॅप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा ही शोभेची भर समजू नये.

आता एडिटिंग. प्रीमियरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीऐवजी उजवीकडे पडत असेल किंवा जोडाक्षरं सुटी दिसत असतील, तर प्रेफरन्सेसमधल्या 'ग्राफिक्स'मध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही एसआरटी इम्पोर्ट होते. पण तिथे टाइमलाइन सहसा ०१:००:०० पासून सुरू होते, त्यामुळे बाहेर काढलेली एसआरटी तासभर पुढे सरकलेली मिळू शकते. टाइमलाइनची सुरुवात शून्यावर आणा, नाहीतर सबटायटल एडिटमध्ये सगळ्या वेळा एक तास मागे घ्या.

फॉन्ट म्हणून मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' पडद्यावर स्वच्छ दिसतो आणि मोफत आहे. कुठलाही फॉन्ट घेतलात तरी 'दऱ्या' हा शब्द टाइप करून बघा. तिथे 'दर्या' दिसलं तर अर्थच बदलतो. अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्य ठेवा. वाढवलं की शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार-अनुस्वार एकमेकांत घुसतात. मागे काळी पट्टी असेल तर तिची उंचीही तपासा. व्हेरिएबल फॉन्टला, म्हणजे एकाच फाइलमध्ये सगळ्या जाडी असलेल्या फॉन्टला, किनार दिली की अक्षराच्या आतही रेघा उमटू शकतात, तिथे ठरावीक जाडीची फाइल वापरा. आणि एकेक अक्षर उडत येणारं ॲनिमेशन देवनागरीला लावूच नका, मात्रा सुट्या होतात. शब्दागणिक चालेल.

सुरुवातीला जुळलेली कॅप्शन पुढे हळूहळू सरकत असतील, तर बहुतेक वेळा कारण फ्रेमरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम यात, असतं. २५ आणि २३.९७६ची गल्लत असेल तर मिनिटाला अडीच सेकंदांचा फरक पडतो. फोनवर चित्रित केलेल्या व्हिडिओचा फ्रेमरेट बदलता असतो, म्हणून एडिटिंगच्या आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल करून घ्या. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर सगळ्या वेळा एकदम पुढे-मागे केल्या की काम होतं.

यूट्यूबला एसआरटी वेगळी द्या, भाषा 'मराठी' निवडून. म्हणजे प्रेक्षकाला कॅप्शन बंद-चालू करता येतात आणि चूक सापडली तर फक्त ती फाइल बदलता येते. व्हॉट्सॲपसाठी कॅप्शन व्हिडिओतच छापावी लागतात. उभ्या रीलमध्ये खालचा जवळपास पाचवा भाग मोकळा सोडा, तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येतो. छापण्याआधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा एक्सपोर्ट करून फोनवर पाठवा आणि हात लांब धरून, आवाज बंद करून बघा.