दात सरकतो तेव्हा

काल रात्री जेवताना लेकीने मऊ पोळीचा घास तोंडात घेतला आणि तसाच गालाशी धरून ठेवला. आदल्या संध्याकाळी नौपाड्यात तिच्या दातांची तार बदलली होती. "आई, दात हाडात घट्ट बसलेला असतो ना, मग तो सरकतो कसा?" एवढेच तिने विचारले.

दवाखान्यात "थोडे दुखेल" यापलीकडे तिला कोणी काही सांगितले नव्हते, ही गोष्ट मला फार लागली.

दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. दोहोंमध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेच्या जोराने हा थर ज्या बाजूला दाबला जातो, तिथे अस्थिभक्षक पेशी जमून हाड विरघळवू लागतात आणि ज्या बाजूला तो ताणला जातो, तिथे अस्थिजनक पेशी नवे हाड रचतात. याच काळात प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायने पाझरतात; ती या पेशींना कामाला लावतात आणि मज्जातंतूंची टोकेही हळवी करतात. म्हणूनच ठणका साधारण २४ तासांनी सर्वाधिक असतो आणि बहुधा आठवड्याभरात ओसरतो. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध हेच रसायन रोखत असल्याने दात सरकण्याचा वेग मंदावू शकतो, म्हणून अनेक दंतवैद्य पॅरासिटामॉल सुचवतात.

हे सारे ऐकून ती वरणभात कालवत म्हणाली, "म्हणजे आत्ता माझे हाड नवे होते आहे?"

तुमच्या मुलांना तार लावताना हे कोणी समजावून सांगितले होते का?