हाक द्यायची आणि गप्प राहायचं

पक्षीगणनेला जातोय म्हटलं की लोकांना आधी दुर्बीण आठवते. गेल्या उन्हाळ्यात ॲरिझोनात सॅन पेद्रो नदीच्या काठाने मी स्वयंसेवक म्हणून चार फेऱ्या मारल्या. दुर्बीण गळ्यात नुसती लटकत राहिली. काम सगळं कानांचं होतं.

शोधायचा पक्षी म्हणजे यलो-बिल्ड कुकू. अमेरिकेच्या पश्चिम भागात तो इतका कमी झाला की 2014 मध्ये केंद्र सरकारने त्याचं नाव धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. त्याला नदीकाठची दाट झाडी लागते, आणि वाळवंटात ती असते पाण्यालगतच्या चिंचोळ्या हिरव्या पट्टीत. आधी कॉटनवुड आणि विलो, मागे मेस्किट. नद्यांवर धरणं झाली, जमिनीखालचं पाणी उपसलं गेलं, तशा या पट्ट्या सुकत गेल्या. मेक्सिकोतून उत्तरेकडे वाहत येणाऱ्या सॅन पेद्रोवर मोठं धरण नाही, म्हणून तिथे अजून आशा आहे.

कोकीळकुळातला पक्षी म्हटलं की आपल्याला कावळ्याचं घरटं आठवतं. हा मात्र बहुतेक वेळा स्वतःच घरटं बांधतो आणि पिल्लंही स्वतःच वाढवतो, आपल्या भारद्वाजासारखा. हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढून येतो आणि पावसाळी हवेत सुरवंट, सिकाडा मुबलक झाले की त्यांवर ताव मारतो. तिकडचे जुने लोक त्याला ‘रेन क्रो’, पावसाचा कावळा म्हणतात. पावशा आणि चातक माहीत असलेल्या माणसाला यात नवल कसलं!

प्रशिक्षणात आवाज पाठ करून घेतले. आमच्यापैकी कोणालाही ध्वनिमुद्रण वाजवायची परवानगी नव्हती. संरक्षित पक्ष्याला असं बोलावायचं तर केंद्राचा परवाना लागतो आणि तो फक्त गटप्रमुख बाईंकडे होता. आम्ही ऐकायचं, होकायंत्रावर दिशा बघायची, अंतर सांगायचं आणि लिहायचं.

पहिली फेरी जूनच्या शेवटी. साडेतीनला उठून, डोक्याला दिवा बांधून चालायला लागलो. उजाडताना पहिल्या थांब्यावर. पद्धत अशी: आधी एक मिनिट नुसतं ऐकायचं. मग ‘काउल्प’ ही हाक एकदा वाजवायची आणि मिनिटभर थांबायचं. अशा पाच हाका. मग शंभर मीटर पुढे जाऊन तेच पुन्हा. शंभर मीटर कागदावर काहीच नाहीत, पण विलोच्या जाळीतून, गुडघाभर चिखलातून, पाय टाकण्याआधी खुळखुळ्या सापाचा अंदाज घेत जाताना तेवढ्यालाच वीस मिनिटं लागली. दुपारी बारा वाजले किंवा पारा चाळीसवर गेला, यातलं जे आधी होईल तेव्हा काम थांबवायचं. आमचा पारा आधी पोचला.

त्या दिवशी सातव्या थांब्यावर मी हात वर केला. ऐकला होता ना! बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. यलो-ब्रेस्टेड चॅट होता. त्याच्या गळ्यात दहा पक्ष्यांचे आवाज असतात. त्यांनी शांतपणे विचारलं, आवाज ऐकलास की हवा होता म्हणून ऐकू आला? कान गरम झाले. फॉर्मवर शून्य.

दुसऱ्या फेरीतही शून्य. तोवर मान्सूनचे ढग डोंगरावर जमायला लागले होते. नदीपात्रात माझ्या खांद्याच्या उंचीवर फांद्यांत काटक्या अडकलेल्या दिसल्या. मागच्या पुराची ती खूण. पाऊस दूर वरच्या अंगाला पडतो आणि इथे कोरड्या आकाशाखाली लोंढा येतो, त्यामुळे तळ पात्रात टाकायचाच नाही, हे मला कोणी वेगळं सांगावं लागलं नाही.

फेऱ्या चार का, तेही तिथेच कळलं. जूनमध्ये ऐकू आलेला पक्षी नुसता वाटसरू असू शकतो. जुलैत, दोनेक आठवड्यांच्या अंतराने, तो त्याच जागी पुन्हा बोलला तर तिथे घरटं असण्याची शक्यता वाढते.

तिसऱ्या फेरीत, अकराव्या थांब्यावर, दुसऱ्या हाकेनंतर उत्तर आलं. आधी लाकडावर काठी आपटल्यासारखं खडखड, मग हळूहळू विसावत जाणारं काउल्प, काउल्प. कोणीही बोललं नाही. बाईंनी लगेच स्पीकर बंद केला. आता बघायला जायचं, असं मला वाटलं होतं. छे! उत्तर मिळालं की हाका थांबवायच्या, कारण आपल्या हाकेपायी तो घरटं सोडून येऊ शकतो. आणि पुढची हाक तीनशे मीटर सोडून, कारण तो गुपचूप मागे येतो आणि एकच पक्षी दोनदा मोजला जातो.

दीड महिना ज्याच्यासाठी घालवला तो कॉटनवुडमध्ये कुठेतरी बसलेला, आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून निघालो. जाताना मी तीनदा मागे वळून पाहिलं. पानंच दिसली.

थोडं पुढे जाऊन, सावलीत बसून फॉर्म भरला. वेळ, दिशा, ‘फक्त आवाज’. अंतर मी ऐंशी मीटर म्हटलं, बाई म्हणाल्या एकशेवीस. लिहिलं एकशेवीस.