काजूच्या बागेतील भेकर : पावसाळ्यानंतरच्या नोंदी

संगमेश्वर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या काजूच्या बागेला पूर्वेकडून दाट रान लागून आहे. मधला जांभ्या दगडाचा गडगा एका ठिकाणी ढासळलेला आहे आणि तो तसाच राहू द्यावा असे घरच्यांनी ठरवले आहे, कारण भेकर, हे छोटे हरीण, बागेत येते ते त्याच खिंडारातून.

पाऊस ओसरल्यावर पऱ्ह्याकाठच्या (ओढ्याकाठच्या) चिखलात खुरांचे ठसे मिळू लागले. ठसा जेमतेम तीन सेंटिमीटर लांब आणि पुढे निमुळता होता. रानडुकराचा ठसा याहून रुंद व बोथट असतो आणि मऊ चिखलात त्याच्या मागच्या दोन उपखुरांच्या खुणाही बाजूला उमटतात. चौशिंग्याची, म्हणजे चार शिंगांच्या हरणासारख्या छोट्या प्राण्याची, शंका मात्र ठशावरून पूर्णपणे फिटत नाही. चौशिंगा एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो आणि तिथे ढीग साचतो. आमच्याकडे लेंड्या विखुरलेल्या सापडल्या, तरीही मी खात्रीसाठी खिंडारासमोर गुडघाभर उंचीवर कॅमेरा बांधला.

छायाचित्रात नर स्वच्छ दिसला. केसाळ खुंटांवरची आखूड शिंगे, त्या खुंटांपासून डोळ्यांकडे उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा आणि ओठाबाहेर डोकावणारा सुळा पाहिल्यावर शंकेला जागाच उरली नाही. मादीला शिंगे नसतात, त्यांच्या जागी केसांचे झुबके असतात. तिचे छायाचित्र अजून मिळायचे आहे.

सध्या सर्वाधिक हालचाल आवळ्याखाली आहे. भेकर गळलेली फळे गिळते आणि पुढे सावलीत बसून रवंथ करताना कठीण आठळ्या तोंडावाटे टाकून देते. करवंदीच्या जाळीमागे अशा स्वच्छ आठळ्या सापडल्या, तेव्हा त्याची बसण्याची जागा कळली. म्हणूनच बेणणी (बागेतील तण-झुडपांची सफाई) करताना गडग्यालगतची झुडपे राखावीत, असे माझे ठाम मत झाले आहे. आडोसा गेला की हे लाजाळू जनावर उजेडी बागेत पाऊल टाकत नाही.

त्याचे कुत्र्यासारखे भुंकणे तिन्हीसांजेला उतारावरून बराच वेळ ऐकू येते. त्या आवाजामागे धावण्यात अर्थ नाही, कारण ते धोक्याची सूचनाच देत असते. त्यापेक्षा वारा आपल्या तोंडावर येईल अशा जागी आधीच बसावे आणि घरची कुत्री बांधून ठेवावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असली तरी फासे लावले जातात, त्यामुळे वाडीचे नाव इथे देत नाही.

काजूची बोंडे गळू लागली की कॅमेरा कलमांखाली हलवीन. भेकर ती खाते का, हे तेव्हा नोंदवता येईल.