आगळाची बाटली आणि हॅम्बुर्गचा दुकानदार

हॅम्बुर्गमधील ज्या भारतीय किराणा दुकानातून मी कुळीथ, उकडा तांदूळ आणि मिळाले तर आमसूल घेते, त्या दुकानदाराकडे मी गुहागरच्या माझ्या वहिनींच्या बचत गटाचे आगळ ठेवण्याविषयी चौकशी केली. आगळाची चव कशी आहे, रंग किती दाट आहे, किंमत काय पडेल, यांपैकी त्याने काहीही विचारले नाही. बाटली कशाची आहे, आणि ती आंबट पदार्थासाठी तपासल्याचा कागद तुमच्याकडे आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न होता. तो स्वतः केरळचा आहे, त्याच्या घरी आमसुलासारखीच कुडमपुळी वापरतात, आणि तरीही त्याने आधी बाटलीच विचारली, याचा मला धक्का बसला आणि थोडा रागही आला.

तो राग अगदीच निराधार होता असे मला वाटत नाही. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालींना मीठ लावून सुटलेला रस म्हणजे आगळ. त्यात आम्लही भरपूर आणि मीठही भरपूर असल्यामुळे तो वर्षभर टिकतो, आणि आमच्याकडे कित्येक पिढ्या त्याची सोलकढी पीत आल्या आहेत. मात्र अन्नाला टिकवणारे हेच आम्ल आणि मीठ भांड्यावर सर्वांत कठोरपणे वागतात, हे आमच्या आज्यांनाही ठाऊक होते. आगळ कधी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवले जात नसे. त्यासाठी चिनी मातीची बरणी असे. जर्मनीची जोखीम-मूल्यमापन संस्थाही आंबट किंवा खारट पदार्थ ॲल्युमिनियमच्या संपर्कात ठेवू नयेत, असेच सांगते. चिनी मातीची बरणी तरी निर्दोष असते असे नाही. तिच्या चकाकीत शिसे आणि कॅडमियम असू शकते, म्हणून युरोपात अशा भांड्यात चार टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास ठेवून त्यात किती शिसे उतरले ते मोजतात.

प्लास्टिकसाठीचे नियम याहून सविस्तर आहेत. अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या सर्व वस्तूंना लागू असलेला युरोपीय नियम २००४ चा आहे आणि खास प्लास्टिकसाठीचा २०११ चा. प्लास्टिकमधून अन्नात एकूण किती घटक उतरले तर चालतील, याची मर्यादा दर चौरस डेसिमीटर पृष्ठभागाला १० मिलिग्रॅम अशी आहे. ही चाचणी प्रत्यक्ष अन्नावर न करता त्याच्या जागी ठरावीक द्रव वापरून करतात: आंबट पदार्थासाठी तीन टक्के ॲसेटिक आम्ल, तेलकट पदार्थासाठी वनस्पती तेल. दीर्घकाळ साठवणुकीच्या पदार्थासाठी तो द्रव ४० अंश तापमानात दहा दिवस ठेवला जातो. बाटली बनवणाऱ्याने दिलेल्या लेखी प्रतिज्ञापत्रात ही बाटली कोणत्या प्रकारच्या अन्नासाठी, किती काळ आणि किती तापमानापर्यंत योग्य आहे, हे नमूद करावे लागते. दुकानदार मागत होता तो कागद हाच.

मी वहिनींना फोन केला. "ताई, बाटल्या नव्याच आहेत, चिपळूणच्या व्यापाऱ्याकडून घेतो. कागद मागितला तर तो म्हणेल, आजवर कोणी मागितला नाही," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, आणि व्यापाऱ्याचे म्हणणेही बहुधा खरेच असणार.

माझ्या मनाला खरी बोच लागली ती यानंतर. आपल्या देशातला नियम शोधून वाचला, तेव्हा त्यात तीच मर्यादा आढळली. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे वेष्टनविषयक विनियम २०१८ चे आहेत. प्लास्टिकमधून उतरणाऱ्या घटकांची मर्यादा त्यातही १० मिलिग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर, म्हणजेच ६० मिलिग्रॅम प्रति किलो अशीच आहे, आणि चाचणीची पद्धत भारतीय मानक ९८४५ मध्ये दिलेली आहे. इतकेच नव्हे, तर अन्नाच्या थेट संपर्कात येणाऱ्या वेष्टनासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र अन्न व्यावसायिकाने घ्यावे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे हॅम्बुर्गच्या दुकानदाराने मागितलेला कागद गुहागरच्या दुकानदारानेही मागायला हवा होता. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्याला याच विनियमांनी मनाई केली, तरी एसटी स्टँडवरची भजी अजूनही कालच्या बातम्यांत गुंडाळून मिळते आणि शाईचा ठसा भज्यावर उमटलेला दिसतो. नियम लिहिणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. गिऱ्हाईक म्हणून समोर उभे राहून तो प्रश्न विचारणारी माणसे फार कमी आहेत, आणि इथे मला आढळलेला सर्वांत मोठा फरक तोच आहे.

वहिनींच्या बाटल्या निदान नव्या आहेत. मुंबई-गोवा महामार्गावरच्या टपऱ्यांवर आगळ, कोकम सरबत आणि खोबरेल तेल ज्या बाटल्यांतून विकले जाते, त्या बहुतेक वेळा पाण्याच्या नाहीतर दारूच्या वापरलेल्या बाटल्या असतात. याविषयी मी इकडे बोलले की परिचित मराठी माणसे दोन टोकांना जातात: कोणी म्हणते की हे विषच आहे, कोणी म्हणते की हाच खरा पुनर्वापर आहे आणि युरोपने तो आपल्याकडून शिकावा. मला दोन्ही मते अर्धवट वाटतात. पाण्याची बाटली ज्या पेट प्लास्टिकची असते ते आम्लाला चांगले टिकते; नाहीतर शीतपेये त्यात भरताच आली नसती. अडचण वेगळी आहे. पेट बनवताना अँटिमनी या धातूसदृश मूलद्रव्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात, आणि बाटली तापली की अँटिमनी अधिक उतरते. युरोपात त्याची मर्यादा किलोला ०.०४ मिलिग्रॅम इतकी कडक आहे, आणि आपल्या टपऱ्यांवर एप्रिल-मेच्या उन्हात बाटल्या दिवसभर रांगेने मांडून ठेवलेल्या असतात. त्याहून मोठी गोष्ट अशी, की प्लास्टिक आपल्यात भरलेले पदार्थ थोडेफार शोषून घेते आणि पुढे हळूहळू सोडत राहते. त्या बाटलीत मधल्या काळात फिनेल होते, रॉकेल होते की आंब्यावर फवारायचे औषध होते, हे धुणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि विकणाऱ्यालाही नसते.

इथे बाटली परत वापरली जाते ती तिचा मागचा प्रवास ठाऊक असल्यामुळे, आणि या व्यवस्थेचे मला मनापासून कौतुक वाटते. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर सक्तीची अनामत रक्कम आहे, सध्या २५ सेंट. बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती रक्कम परत मिळते, म्हणून लोक बाटल्या घरी जमवून ठेवतात आणि त्यात भलतेसलते काही भरत नाहीत. पुन्हा भरायच्या काचेच्या बाटल्यांची व्यवस्था याहून जुनी आहे; अशी बाटली सुमारे ५० वेळा भरता येते. पुन्हा भरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या धुलाईच्या रांगेत एका वास घेणाऱ्या यंत्राखालून जातात, आणि आत इंधन किंवा रसायन भरलेले असल्याचा माग लागला की ती बाटली बाजूला काढली जाते. जुन्या पेटपासून पुन्हा अन्नासाठी बाटली करायची असेल, तर कच्च्या मालात अन्नाखेरीज इतर वापराचे प्लास्टिक पाच टक्क्यांहून जास्त असू नये, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण धरून चालते. अनामत रकमेमुळे बाटल्या वेगळ्या आणि स्वच्छ परत येतात, आणि म्हणूनच हे शक्य होते. पर्यावरण आणि आरोग्य ही दोन स्वतंत्र खाती आहेत असे मी पूर्वी मानत असे. बाटलीच्या बाबतीत तरी दोन्हींचा हिशेब त्या बाटलीत आधी काय होते या एकाच नोंदीवर चालतो.

हे कौतुक करताना एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इकडचे लोक आपल्या किनाऱ्यांवरच्या कचऱ्याची छायाचित्रे पाहून हळहळतात, तेव्हा ती त्यांच्या ध्यानात नसते. जर्मनीत २०२२ मध्ये सुमारे १ कोटी ९० लाख टन वेष्टन-कचरा निघाला, म्हणजे माणशी २२५ किलोच्या आसपास, आणि हे प्रमाण युरोपीय संघाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त होते. आमच्या गावात एक कुटुंब वर्षभरात इतके वेष्टन घरात आणत असेल असे मला वाटत नाही. आमच्याकडे ते उचलणारी गाडी येत नाही, म्हणून ते समुद्रावर दिसते. शास्त्राच्या बाबतीतही त्यांना अंतिम सत्य आधीच गवसलेले होते असे नाही. डब्यांच्या आतल्या लेपात वापरले जाणारे बिसफेनॉल ए रोज किती प्रमाणात चालेल, याची २०१५ मध्ये ठरवलेली मर्यादा युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये एकदम २०,००० पटींनी खाली आणली. त्यावरची बंदी जानेवारी २०२५ पासून लागू झाली, पण माशांच्या डब्यांना २०२८ पर्यंत मुदत आहे. बांगड्याचा डबा मी इथे घेते, तेव्हा ही तारीख मला आठवते.

केळीच्या पानाविषयी मला इथे आल्यावर अधिक अभिमान वाटू लागला, आणि त्याचे कारण भावनिक नाही. कागदी वाटीतून तेल झिरपू नये म्हणून तिच्यावर फ्लोरिनयुक्त रसायनांचा थर देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. ही रसायने निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत, म्हणून युरोपच्या नव्या वेष्टन नियमानुसार ऑगस्ट २०२६ पासून अन्नाच्या वेष्टनात त्यांच्यावर कडक मर्यादा येत आहे. केळीच्या पानाला हेच काम करणारा मेणाचा थर निसर्गतःच असतो. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांनाही कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही, कारण त्या पानाचा आणि पदार्थाचा संबंध तासाभराचा असतो.

पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, विरीच्या (झावळीच्या बुंध्याकडच्या रुंद भागाच्या) ताटल्यांचे तसे नाही, आणि हे लिहिताना मला जड जाते. कोकणात या ताटल्यांचा व्यवसाय पर्यावरणपूरक म्हणून उभा राहत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये, पोफळीतील अल्कलॉइड (शरीरावर परिणाम करणारी वनस्पतिजन्य संयुगे) अन्नात उतरू शकतात या कारणासाठी, अशा भांड्यांना आक्षेप घेतला. सुपारी कर्करोगजनक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. पण विरी म्हणजे सुपारी नव्हे, आणि विरीतून सोलकढीत किंवा तेलकट भाजीत नेमके किती उतरते हा मोजून सांगण्याचा विषय आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हे मोजमाप हाती घ्यावे, आणि आपले पूर्वज यातच जेवत होते एवढ्यावर कोणी थांबू नये, असे मला कळकळीने वाटते.

वहिनींच्या गटाने आता काचेच्या बाटल्यांचा विचार सुरू केला आहे. काच आगळाला काहीही देत नाही. पण तिच्या झाकणाच्या आतली मऊ चकती प्लास्टिकची असते, आणि विशेषतः तेलाच्या लोणच्यात तिच्यातले घटक उतरतात, म्हणून झाकणाचा कागद वेगळा मागावा लागेल आणि झाकण दर वेळी नवे लागेल. काच जड असते, तिचा वाहतूक खर्च एकाच फेरीत परवडत नाही, त्यामुळे बाटल्या परत येण्याची सोय हवी. इथल्यासारखी यंत्रे कोकणात गावोगाव बसणार नाहीत. मात्र मेमध्ये आगळ घेऊन मुंबईला जाणारा चाकरमानी गणपतीला परत येतोच, आणि रिकामी बाटली आणली तर वीस रुपये परत, असे ठरवले तर ती त्याच्या सामानात सहज मावेल. हंगाम नेमका विहिरी आटलेल्या असताना येतो, तेव्हा धुलाई जमणार नाही. भाद्रपदात आलेल्या बाटल्या आश्विनात, पाणी भरपूर असताना, धुऊन वाळवून ठेवता येतील. दारूच्या बाटल्या त्यात मिसळू नयेत म्हणून काचेवरच गटाचे उठावाचे चिन्ह घालून घेता येईल का, याची चौकशी वहिनी सध्या करत आहेत.