उजवा हात आणि रिझर्व्हचं हँडल : मार्च ते नोव्हेंबर

मार्चमध्ये पॅराग्लायडिंग करताना माझं रिझर्व्ह, म्हणजे संकटात हाताने फेकायचं राखीव पॅराशूट, फेकायची वेळ आली होती. हाताला हँडल सापडलं नाही म्हणून ते फेकलं गेलं नाही. त्यानंतर आठ महिने मी ह्या एकाच गोष्टीवर काम करतेय. पाचगणीत उडणाऱ्या मित्रमंडळींपैकी दोघातिघांनी "नेमकं काय केलंस ते लिहून ठेव" म्हणून सांगितलं, म्हणून ही नोंद.

आधी ती दुपार. पाचगणीहून टेकऑफ घेऊन अर्धा तास झाला होता. वेळ साडेबाराची, ऊन कडक, थर्मल (वर चढणारी गरम हवा) जोरात. वर चढण्याच्या नादात मी टेबललँडच्या पलीकडे, वाऱ्याआडच्या बाजूला सरकले. पठारावरून येणारा वारा कड्यावरून खाली कोसळतो आणि गुंडाळत राहतो. हे मला पाठ होतं, तरी गेले. डोक्यावरच्या कापडी पंखाची, म्हणजे विंगची, डावी जवळपास अर्धी बाजू एका झटक्यात मिटली. उजवीकडे वजन टाकलं, उजवा ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणारी दोरी) थोडा धरला, आणि तेवढ्यात दिसलं की डावं टोक लायनींमध्ये, विंगच्या दोऱ्यांमध्ये, अडकलंय. ह्याला क्राव्हॅट म्हणतात. विंग डावीकडे फिरायला लागली.

रेडिओवर माझे प्रशिक्षक, सर, ओरडत होते, "उजवा हात हँडलवर! हँडलवर!" मी ब्रेक सोडला आणि हात मागे नेला. तिथे कापड. आणखी मागे, तिथे बकल. पुन्हा कापड. तिसऱ्या फेऱ्यात ते टोक आपोआप सुटलं, विंग सरळ झाली आणि मी वाईच्या बाजूला एका रानात उतरले. गुडघे तासभर थरथरत होते.

रात्री हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ संथ करून पाहिला. हात ब्रेकवरून निघाल्यापासून विंग सुटेपर्यंत ५ सेकंद, आणि तेवढा वेळ तो हँडलच्या एक वीत मागे चाचपडत होता. कारण साधं होतं. जानेवारीत मी हार्नेस, म्हणजे उडताना बसायची पट्ट्यांची सीट, बदलला, कोणाचा तरी वापरलेला घेतला. जुन्या हार्नेसला हँडल कमरेच्या मागे, सीटच्या कडेला होतं. नव्याला ते पुढे, मांडीच्या पट्ट्याजवळ आहे. डोक्याला हे माहीत होतं, पण हात तीन वर्षांची सवय घेऊन जुन्याच घरी गेला.

ट्रॅकलॉगमध्ये (उड्डाणाच्या जीपीएस नोंदीत) विंग मिटल्यापासून सुटेपर्यंतच्या १२ सेकंदांत १३० मीटर गेलेले दिसतात. नीट लागलेल्या स्पायरलमध्ये (गोल फिरत वेगाने खाली येण्यात) सेकंदाला १५ मीटर सहज जातात. म्हणजे जमिनीपासून २०० मीटरवर असाल तर हातात १३ सेकंद. त्यातली ५ चाचपडण्यात गेली की ७५ मीटर संपले, आणि फेकल्यावर रिझर्व्ह ताणून भरायलाही थोडा वेळ लागतोच. हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि एप्रिलपासून सुरुवात केली.

साताऱ्यात आमचं घर जुन्या पद्धतीचं, ओसरीवर सागवानी तुळई आणि तिला झोपाळ्याच्या दोन भक्कम कड्या. झोपाळा उतरवला आणि त्याच कड्यांना हार्नेस टांगला. खरं रिझर्व्ह रोज ओढून पुन्हा भरता येत नाही, म्हणून जुन्या परकराच्या कापडाची चौकोनी पिशवी शिवली, तिच्यात दीड किलो ज्वारी भरली आणि ती रिझर्व्हच्या कप्प्यात बसवली. माझ्या रिझर्व्हचं वजन साधारण तेवढंच आहे. समोर दोन गाद्या टाकल्या.

आज्ञा द्यायला सासूबाई. सुरुवातीला त्या "एक, दोन, तीन, फेक" म्हणायच्या. दोन दिवसांनी त्यांना म्हटलं, "आई, मोजू नका. गप्पा मारत राहा आणि मध्येच म्हणा." मग त्या मेथी निवडत बसायच्या, शेजारच्या लग्नाचं काहीतरी सांगायच्या, आणि वाक्याच्या मध्येच, आवाज न चढवता, "फेक". खरा उपयोग ह्याचाच झाला. मोजून दिलेल्या आज्ञेला हात आधीच तयार असतो, तसा तो हवेत नसतो.

पहिल्या आठवड्यात दोन चुका सारख्या दिसल्या. पहिली, हँडल हवेत शोधणं. त्यावर सरांनी खूण दिली: हात थेट हँडलकडे न्यायचा नाही. आधी तो कॅरॅबिनरला (हार्नेस विंगला जोडणाऱ्या कडीला) लावायचा, तिथून पट्ट्यावरून खाली सरकवायचा, पट्टा संपतो तिथे हँडल. हार्नेस कोणताही असो, अशी एक वाट प्रत्येकाला सापडते. शिवाय वाट हाताखाली असली तर फिरताना डोळ्यांसमोर सगळं भोवंडलं तरी फरक पडत नाही. नजर नेता आली तर न्यायचीच.

दुसरी चूक जास्त घातक. मी हँडल ओढत होते, हात लांब करत होते, आणि सोडतच नव्हते. पहिल्या ३० फेकींपैकी ११ वेळा ज्वारीची पिशवी हातातच लोंबत राहिली. घाबरलेली मूठ आवळली जाते, उघडत नाही. हवेत असं झालेले वैमानिक आहेत, रिझर्व्ह बाहेर काढलं आणि मुठीतच धरून राहिले. मग क्रिया तोडून पाठ केली: धर, बाहेर खेच, मोकळ्या हवेत जोरात भिरकाव, सोड. चारही शब्द मोठ्याने म्हणायचे. "सोड" म्हटल्याशिवाय फेक मोजायची नाही. मे संपेपर्यंत ही चूक गेली.

जूनमध्ये मुलगा सामील झाला. तो टांगलेल्या हार्नेसच्या दोऱ्यांना पंचवीस-तीस पीळ देतो आणि सोडतो. सुटल्यावर मी गरागरा फिरते, पाय बाहेर ओढले जातात, हात जड होतो. खऱ्या स्पायरलची ताकद ह्यात येत नाही, पण दिशा हरवते एवढं नक्की. पिशवी विंगपासून लांब आणि घुमण्याच्या उलट दिशेला गेली पाहिजे. डावीकडे फिरताना उजवीकडे फेकणं मला सोपं जातं. उजवीकडे फिरताना माझ्या पहिल्या पाच फेकी सरळ माझ्याच दोऱ्यांवर आल्या.

वहीतले आकडे असे. आज्ञेपासून पिशवी हातातून सुटेपर्यंत एप्रिलमध्ये सरासरी ४ सेकंद, जूनअखेर २, ऑक्टोबरात दीडच्या आसपास. हातमोजे घालून पाव सेकंद जास्त. आता सराव कायम हातमोजे घालूनच करते, कारण उडताना ते असतातच.

ह्या काळात स्कायडायव्हिंगचंही बरंच वाचलं. त्यांची रीत आपल्याहून वेगळी आहे. एकाच कंटेनरमध्ये दोन पॅराशूट असतात. मुख्य बिघडलं तर उजवीकडचं लाल हँडल ओढून आधी ते कापून टाकायचं, मग डावीकडच्या हँडलने रिझर्व्ह काढायचं. हे कापणं एका ओढीत जमतं ते बिल बूथच्या तीन कड्यांच्या रचनेमुळे. भार एका कडीवरून दुसरीवर कमी होत जातो आणि शेवटी पातळ दोऱ्याच्या फाशावर येतो. शिवाय त्यांच्याकडे १९९१ पासून सायप्रेस आहे. अनुभवी स्कायडायव्हरसाठीचं ते यंत्र सुमारे २२५ मीटरवरही वेग सेकंदाला ३५ मीटरहून जास्त असेल तर रिझर्व्हचा कप्पा बंद ठेवणारा दोऱ्याचा फास स्वतः कापतं. पॅराग्लायडिंगमध्ये सहसा असं काही नसतं. आपण विंग कापत नाही, ती वर असतानाच रिझर्व्ह फेकतो आणि फेकणारा हात आपलाच.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट उचलली: निर्णयाची उंची जमिनीवरच ठरवायची. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या शिफारशींत विद्यार्थ्याने आणि ए लायसन्सवाल्याने २,५०० फुटांवर, त्यापुढच्या लायसन्सवाल्यांनी १,८०० फुटांवर निर्णय घेतलेला असायला हवा. त्याखाली मुख्य पॅराशूट सुधारत बसायचं नाही. आपल्या उंच्या वेगळ्या, पण तत्त्व लागू पडतं. सरांशी बोलून माझ्यापुरतं ठरवलंय: विंग फिरतेय, थांबत नाहीये आणि जमीन २०० मीटरच्या आत वाटतेय, तर फेकायचं. त्यावर असेन तर एक प्रयत्न, जास्तीत जास्त दोन फेरे. उंचीचा अंदाज येत नसेल तर आत आहे असंच धरायचं.

आता रिपॅक, म्हणजे रिझर्व्ह उघडून, वाळवून, पुन्हा घडी घालून भरणं. ह्यावर सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात मोठा दोष इथेच सापडला.

रिपॅकला मोठी, कोरडी, स्वच्छ जागा लागते. साताऱ्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे घट्ट घडी केलेल्या नायलॉनचं काय. पितृपक्षात लग्नं नसतात, म्हणून ओळखीच्या मंगल कार्यालयाचा हॉल दोन दिवस मिळाला. रिझर्व्ह उघडून गॅलरीच्या कठड्याला टांगलं, पंखे लावले आणि २४ तास तसंच ठेवलं. उन्हात अजिबात नाही, उन्हाने कापड मरतं. उघडताना घडीला घडी किंचित चिकटलेली जाणवली, आणि लायनी धरणारे दोन रबर बोटाने ताणताच तुटले. गेल्या वर्षी बदलायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सर आले. माझं रिझर्व्ह गोल आहे. पाकळ्या निम्म्या डावीकडे, निम्म्या उजवीकडे लावून घ्यायच्या, मधली दोरी बाकीच्या लायनींत गुंतलेली नाही हे कळसापासून रायझरपर्यंत (लायनी जिथे एकत्र येतात त्या पट्ट्यापर्यंत) हात फिरवून पाहायचं, मग लांबट घडी, मग आतली पिशवी. लायनींच्या गुंडाळ्या आठच्या आकड्यासारख्या नव्या रबरांत. सुरू करण्यापूर्वी सगळी हत्यारं एका लाल पंचावर मांडली: ६ क्लिपा, ४ वाळूच्या पिशव्या, कप्पा बंद करायची एक दोरी. शेवटी पंचावर तेवढंच परत आलं पाहिजे. ती दोरी फाशांत विसरली तर रिझर्व्ह कधीच बाहेर येणार नाही, म्हणून तिला वीतभर लाल रिबन बांधलेली असते.

सगळं भरून झाल्यावर सर म्हणाले, "आता टांग आणि खऱ्या रिझर्व्हने एकदा ओढून दाखव." एवढं सगळं काम उधळायचं जिवावर आलं होतं. ओढलं. कप्पा उघडलाच नाही.

हँडलपासून दोन पट्ट्या निघतात, एक कप्पा बंद ठेवणाऱ्या पिनांना आणि एक रिझर्व्ह असलेल्या आतल्या पिशवीला. पिशवीची पट्टी लांब हवी, म्हणजे आधी पिना सुटून कप्पा उघडतो आणि मग पिशवीवर ओढ येते. माझी पिशवीची पट्टी दोन बोटं आखूड होती. पिना सुटायच्या आतच ती ताठ व्हायची आणि मी बंद दारातून पेटी ओढत होते. ज्वारीची पिशवी लहान, कप्प्यात वर बसायची, पट्टी सैल राहायची, म्हणून पाच महिन्यांत घरी हे कळलं नाही. हार्नेस विकताना "तुमचं रिझर्व्ह ह्यात आरामात बसतं" असं सांगण्यात आलं होतं. बसत होतं, बाहेर येत नव्हतं. मार्चमध्ये मला हँडल वेळेत सापडलं असतं तरी पुढे काय झालं असतं, हा विचार मी त्या हॉलच्या जमिनीवर बसून बराच वेळ केला.

घरी शिवून पट्टी वाढवायची नाही, गाठ मारायची नाही, हे सरांनी बजावलं. त्या हार्नेससाठी बनलेलं योग्य लांबीचं हँडल मागवलं, तीन आठवड्यांनी आलं. नंतर हार्नेस टांगून, त्यात बसून तीनदा ओढलं. तिन्ही वेळा आधी पिना, मग पिशवी. तेव्हा कुठे शेवटचा रिपॅक केला. पहिल्या रिपॅकला मला ५ तास लागले होते, ह्याला पावणेतीन.

ज्यांनी हार्नेस किंवा रिझर्व्ह, दोन्हींपैकी एकही बदललंय, त्यांना कळकळीची विनंती: टांगा आणि एकदा खरं ओढून बघा. घडी पुन्हा घालता येते.

फेकल्यानंतरचा भाग अजून कच्चा आहे. रिझर्व्ह उघडल्यावर विंगही उडत राहिली तर दोन बैल दोन दिशांना जू ओढतात तसं होतं, आणि खाली येण्याचा वेग वाढतो. म्हणून विंग दोन्ही हातांनी ओढून, गोळा करून निकामी करायची. हे ओसरीवर शिकता येत नाही. त्यासाठी नेपाळमध्ये पोखऱ्याला तलावावरच्या कोर्सला जायचं ठरलंय, पैसे साठवतेय.

उतरण्याचा सराव मात्र जमतो. युरोपियन प्रमाणानुसार रिझर्व्हखाली सेकंदाला जास्तीत जास्त ५.५ मीटर वेग चालतो, म्हणजे साधारण दीड मीटरच्या कट्ट्यावरून उडी मारल्यासारखं. पाचगणीच्या उंचीवर हवा पातळ, त्यामुळे थोडं जास्तच. गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांनी सकाळी हौद्यातली माती वापरू दिली. पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून, चवडा, पोटरी, मांडी, कुल्हा आणि मग पाठीवरून तिरकं लोळायचं. पहिल्या दिवशी वस्ताद म्हणाले, "ताई, हात टेकू नका, मनगट जाईल." पॅराग्लायडिंगमध्ये ते कधी उडाले नाहीत, पण पडण्याबद्दल त्यांना माझ्याहून पुष्कळ जास्त कळतं.

नोव्हेंबरात सीझन सुरू झाल्यावर सहा उड्डाणं केली, सगळी सकाळची, सगळी वाऱ्याच्या बाजूला. टेकऑफनंतर सीटमध्ये बसल्यावर पहिलं काम म्हणजे एक ब्रेक धरून उजवा हात कॅरॅबिनरवरून हँडलपर्यंत नेणं, पकडणं, सोडणं. चौथ्या उड्डाणात भिलारच्या बाजूला उजवं टोक हलकं मिटलं आणि लगेच उघडलं. काही करायची गरजच नव्हती. पण व्हिडिओत दिसतंय, टोक मिटलं त्याच क्षणी उजवा हात पट्ट्यावरून सरकत खाली आला आणि हँडलपाशी थांबला. मला ते आठवतही नाही.

डाव्या हाताचा सराव आता सुरू केलाय. उजवा अडकला तर डाव्याने पोटावरून ओलांडून ओढता आलं पाहिजे. सध्या सरासरी साडेतीन सेकंद. पुढचा रिपॅक फाल्गुनात, आईंनी तारीख कालनिर्णयवर गोल करून ठेवली आहे.