रात्रीच्या धावण्याची नोंद : पट्टी नेमकी कुठे असावी

सोलापुरात मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत उन्हात धावणे शहाणपणाचे नाही. पारा चाळिशी ओलांडतो आणि सूर्य मावळल्यानंतरही डांबर बराच वेळ धग सोडत राहते, त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांचा सराव रात्री आठनंतर किंवा उजाडण्यापूर्वी होतो. या उन्हाळ्यात मी वेगाचा नाद बाजूला ठेवून, वाहनचालकाला आपण कसे आणि किती अंतरावरून दिसतो, याकडे लक्ष दिले.

पिवळसर-हिरवे फ्लुरोसंट जाकीट संध्याकाळी उत्तम काम करते, कारण तो रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून ते डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत टाकतो. काळोख पडला की हा आधार जातो आणि जाकीट साध्या फिकट कापडाच्या पंगतीत जाऊन बसते. तेथून पुढे भिस्त परावर्ती पट्टीवर. तिच्यातील काचेचे सूक्ष्म मणी किंवा प्रिझम प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत धाडतात, म्हणून गाडीवाल्याला ती लखलखीत दिसते, तर शेजारी धावणाऱ्याला नुसती करडी.

पट्टी छातीवर असावी की हातापायांवर, हे पाहण्यासाठी होटगी रस्त्याच्या एका अंधाऱ्या फाट्यावर भाच्याला डिपरवर मोटारसायकल चालवायला सांगितले. केवळ छातीवर पट्टी असताना तो म्हणाला, "मामा, काहीतरी चमकत होतं बघा, पण खांब का ट्रॉली, ते कळंना." घोट्यांना आणि मनगटांना पट्ट्या बांधल्यावर मात्र माणूस पळतो आहे हे त्याने बऱ्याच लांबून ओळखले. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 मध्ये दाखवले होते की अंधारात केवळ सांध्यांवरचे काही ठिपके हलताना दिसले तरी डोळा त्यांतून चालणारा माणूस चटकन ओळखतो. शिवाय डिपरचा झोत खाली झुकलेला असल्यामुळे तो छातीच्या आधी घोट्यापर्यंत पोहोचतो. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. चालकाला उमगून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन सेकंद गेली, तर 33 मीटर रस्ता ब्रेक लागण्यापूर्वीच संपतो. तेव्हा नुसते दिसणे पुरत नाही, माणूस म्हणून ओळखू येणे महत्त्वाचे.

पट्ट्यांसाठी रेडियमवाल्याकडचे स्टिकर घेऊ नयेत, असे माझे मत आहे. घामाने आणि धुण्याने त्यांचा डिंक सुटतो. कापडी पट्टी टेलरकडून इलॅस्टिकवर शिवून घेतली की टिकते, पण वारंवार धुतल्याने तिचीही चमक उतरते आणि आपल्याकडची धूळ तर ती फार लवकर मारते. म्हणून मी ती ओल्या फडक्याने पुसतो.

रस्त्याची उजवी बाजू धरून, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावावे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने डिपरचा झोत डाव्या कडेला थोडा लांबवर पडेल अशी रचना असते, आणि समोरून येणाऱ्या गाडीची डावी कड म्हणजेच आपली बाजू. डोळे दिपतात हा तोटा खरा. अशा वेळी नजर साइडपट्टीवर ठेवावी. दिव्याबाबत मात्र मी कपाळावरच्या हेडलॅम्पपेक्षा कमरेच्या दिव्याच्या बाजूचा आहे, कारण खालून पडणाऱ्या उजेडात खड्ड्यांना सावली येते आणि खोली कळते. पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा हवाच. इअरफोन घरी.

वेगाचा सराव पार्क मैदानाच्या परिसरात किंवा कंबर तलावाजवळ आटोपावा. लांब पल्ल्यासाठी शहराबाहेर जावेच लागते, आणि तेथे उसाचे गाळप सुरू झाल्यावर चित्र बदलते. भरलेल्या ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी ऊस बाहेर डोकावतो, कित्येकदा मागे दिवाही नसतो, आणि ट्रॅक्टरवाल्याला मोठ्या आवाजात आपली चाहूल लागणे शक्य नसते. आपल्या पट्ट्या तेथे कितीही चमकल्या तरी जागा नसेल तर उपयोग नाही, म्हणून ट्रॉली समोरून येताना दिसली की डांबर सोडून खाली उतरायचे आणि ती गेल्यावर, तिच्या आडून ओव्हरटेक करणारे कोणी नाही हे पाहूनच पुन्हा वर यायचे, असे आम्ही गटात ठरवले आहे. येत्या हंगामात गुडघ्यांनाही पट्टी लावून तीच चाचणी, या वेळी ट्रॅक्टरवर बसून, घेण्याचा विचार आहे. भाच्याच्या ओळखीचा एक ट्रॅक्टरवाला तयार झाला आहे.