डासाची गुणसूत्रं वाचायला शिकताना

आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या डासांमध्ये ॲनोफिलिस गॅम्बिएचं नाव अगदी वर आहे. त्याच्या गुणसूत्रांत कुठला तुकडा उलटा बसलाय, म्हणजे कुठलं इन्व्हर्जन आहे, हे मायक्रोस्कोपखाली ओळखायचं काम माझ्या वाट्याला आलं. पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवून तपासायची पद्धत) असताना डोळे कशाला फोडायचे, असं मी सरांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "आधी एक धड स्लाइड करून दाखव, मग बोलू."

धड स्लाइड होणं हेच सगळ्यात अवघड. पट्टे स्पष्ट दिसतील अशी जाड गुणसूत्रं मिळतात मादीच्या अंडाशयातल्या नर्स पेशींत, म्हणजे अंड्याला पोसणाऱ्या पेशींत, आणि तीही अंडी अर्धवट तयार झालेली असतानाच. या पेशींत डीएनएच्या प्रती होत राहतात, पण पेशी विभागत नाही. सगळे धागे शेजारी शेजारी चिकटून राहतात आणि त्यांचा जाड, पट्टेदार दोर बनतो. रक्त प्यायल्यानंतर साधारण २५ तासांनी मादी या अवस्थेला येते. त्याच्या आधी किंवा नंतर अंडाशय काढलं तर पट्ट्यांची आशा सोडावी.

तीन भाग इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड यांच्या ताज्या मिश्रणात अंडाशय मुरवायचं. मग ५० टक्के प्रोपिऑनिक ॲसिडच्या थेंबात सुईने अंडाशयातल्या पुटकुळ्या (एकेक अंडं जिच्यात वाढतं ती पिशवी) सुट्या करायच्या (हा आंबूस वास हात धुऊनही जात नाही), वर कव्हरस्लिप ठेवायची आणि पेन्सिलीच्या खोडरबराने हलके हलके ठोके द्यायचे. हे ठोके कुणी लिहून शिकवू शकत नाही. कमी पडले तर सगळा गुंता तसाच राहतो, जास्त झाले तर भुजा, म्हणजे गुणसूत्राची एक बाजू, मधूनच तुटते. मी फेज कॉन्ट्रास्टमध्ये (रंग न देताही पट्टे दाखवणारी मायक्रोस्कोपची पद्धत) बघत बघत ठोकायचे. भुजा पसरू लागल्या की हात आवरायचा.

गॅम्बिएच्या गुणसूत्रांच्या नकाशावर पाच भुजा आहेत: एक्स, २आर, २एल, ३आर, ३एल (अंक गुणसूत्राचा; आर म्हणजे उजवी भुजा, एल म्हणजे डावी). त्यांचे मिळून ४६ भाग. सुरुवातीला मी एकेक पट्टा मोजत बसायचे, आणि त्यातून काही हाती लागत नव्हतं. चालण्यावरून माणूस ओळखावा, तशी भुजा एकदम ओळखावी लागते. एक्स आखूड, तो आधी बाजूला काढायचा. सगळ्यात लांब ती २आर. उरलेल्या तिघींसाठी टोकाचा आकार आणि जाड पट्ट्यांच्या जोड्या लक्षात ठेवायच्या.

२एल भुजेवरचं २एलए हे इन्व्हर्जन पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते मिश्र मादीत, म्हणजे जिच्याकडे एक प्रत सरळ आणि एक उलटी होती. दोन्ही प्रती पट्ट्याला पट्टा जुळवू पाहतात, पण उलट्या तुकड्याला सरळ राहून ते जमत नाही. म्हणून भुजा मध्येच वळून फास बनवते. फासाच्या मुळाशी तुकडा तुटून उलटा जोडला गेल्याची जागा दिसते. हा तुकडा सुमारे २.२ कोटी बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, आत हजाराहून जास्त जनुकं. मिश्र मादीत त्यांची अदलाबदल जवळजवळ थांबते, त्यामुळे एकत्र उपयोगी पडणारी जनुकं गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. कोरड्या सवाना भागात उलटी रचना जास्त सापडते, दमट जंगलात सरळ.

याचा रोगाशी काय संबंध, हे मला नायजेरियातल्या गारकी या मलेरिया नियंत्रणाच्या अभ्यास प्रकल्पामुळे पटलं. तिथल्या डासांवर मारिओ कोलुत्सी हे इटालियन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवलं की घरात विसावणाऱ्या आणि बाहेर सापडणाऱ्या डासांत इन्व्हर्जनांचं प्रमाण वेगळं असतं. घराच्या भिंतींवर औषध फवारायचं आणि डासांचा एक गट बाहेरच राहायचा, तर फवारणीचा हिशेबच चुकतो.

पीसीआरबद्दलचा माझा प्रश्न मग आपोआप निवळला. पीसीआर झटपट होते, मेलेल्या, सुकलेल्या डासावरही चालते, नर असला तरी हरकत नाही. पण ती तुम्ही विचारलेल्या तुटल्या जागेबद्दलच सांगते. स्लाइडवर पाचही भुजा समोर असतात, न विचारलेलंही दिसतं. मोठ्या सर्वेक्षणाला पीसीआर, नवीन प्रदेशातल्या डासांना आधी स्लाइड, असं माझं मत झालंय. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्ताय डासाच्या बाबतीत मात्र हा आग्रह सोडावा लागतो: त्याच्या जीनोममध्ये पुनरावृत्त डीएनए एवढा आहे की अशी वाचनीय गुणसूत्रं फारशी मिळतच नाहीत.

आता माझ्यापुढे ॲनोफिलिस स्टेफेन्सी आहे, शहरी मलेरियाचा डास. एक्स आणि २आर जागच्या जागी आहेत, आतला क्रम बदललेला असला तरी. बाकी भुजांच्या जोड्याच बदलल्यात: गॅम्बिएची २एल इथे ३एल आहे, ३आर इथे २एल, आणि ३एल इथे ३आर. जुना नकाशा भिंतीवरून काढलेला नाही. त्याच्या शेजारी दुसरा लावलाय, आणि सध्या माझी नजर दोन्हींत फिरत असते.